फोनमधला दिवा आणि म्हैसूरचा दिवा : एका नकलेचं प्रकरण

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी चित्रकला शिक्षक पदविकेच्या वर्गाला शिकवते. पुढे मांडलेलं प्रकरण आमच्याच वर्गातलं आहे. विद्यार्थ्यांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव दिलेलं नाही. चित्र पडद्यावर पाहणं आणि चित्रासमोर उभं राहून पाहणं यात नेमका काय फरक पडतो, हे मला इतकी वर्षं शिकवूनही या एका प्रसंगात जितकं कळलं तितकं आधी कळलं नव्हतं.

पार्श्वभूमी

वर्ग चोवीस मुलांचा. बहुतेक मुलं शेतकरी घरातली, काही गवंडी-सुतारांची. प्रवेश घेताना मी विचारते, "कलादालनात कोण कोण जाऊन आलंय?" दोन-तीन हात वर होतात, आणि त्यातला एखादा सहलीत पाहिलेल्या शस्त्रागाराबद्दल बोलत असतो.

मी शिकत होते तेव्हा कलेचा इतिहास झेरॉक्सवर चालायचा. अजिंठ्याचा पद्मपाणी म्हणजे आमच्यासाठी एक काळा डाग होता, त्यात डोळे कुठे आहेत ते सरांनी बोट ठेवून दाखवलं तर कळायचं. २०११ साली गुगलने सतरा संग्रहालयं बरोबर घेऊन चित्रं पडद्यावर आणली, पुढे त्यात आपल्याकडचीही संग्रहालयं आली. आमच्या वर्गात प्रोजेक्टर आला तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं. त्यामुळे मूळ चित्र पाहिल्याशिवाय कला कळतच नाही, असं मी कधी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर माझ्या निम्म्याहून जास्त मुलांना कलेचं दारच बंद होईल.

सायली दुसऱ्या वर्षाला होती. हात चांगला, चिकाटी त्याहून चांगली. जिल्हा पातळीवरच्या एका प्रदर्शनासाठी तिने एका जुन्या चित्राची नक्कल करायला घेतली. चित्र तुम्ही पाहिलेलं आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड आणि त्या उजेडात उजळलेला चेहरा. कॅलेंडरवर, साडीच्या दुकानात, सलूनच्या आरशाशेजारी, कुठे ना कुठे ही बाई दिवा घेऊन उभी असतेच.

अडचण

सायलीने कॅनव्हास घेतला दोन फूट बाय तीन फूट, कारण दुकानात तेवढाच तयार होता. रंग तैलरंग. संदर्भ म्हणून मामेभावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो. मागच्या बाजूला तिने आधीच लिहून ठेवलं होतं : 'राजा रवि वर्मा यांच्या चित्रावरून'.

दोन महिने काम झालं आणि मग ते अडलं. एके दिवशी वर्ग सुटल्यावर ती म्हणाली, "मॅडम, फोनमधी पेटल्यागत दिसतंय. माझ्यात विझल्यागत."

मी चित्र नीट पाहिलं. ज्योतीभोवती तिने लेमन येलो आणि टायटॅनियम व्हाइटचे थर चढवले होते. उजेड येईना म्हणून आणखी पांढरा, तरी येईना म्हणून आणखी. तिथे आता प्लास्टर लिंपल्यासारखा उंचवटा झाला होता.

तिच्या कामात तीन चुका होत्या आणि तिन्ही त्या फोटोसोबत आलेल्या होत्या. पहिली, चित्रकाराची. हे चित्र रवि वर्मांचं नाही. ते १९०६ साली वारले आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं आहे. ते काढलं सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी, आणि दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. दुसरी चूक माध्यमाची. मूळ चित्र जलरंगात आहे. तिसरी चूक उजेडाची, तिच्याकडे पुढे येते.

यातली पहिली गोष्ट मला ठाऊक होती. मागचं नाव मी तिसऱ्याच आठवड्यात वाचलं होतं आणि "आधी काम पुरं होऊ दे, मग सांगू" म्हणून गप्प बसले होते. मुलीचा उत्साह मोडू नये इतकाच हेतू होता. पण त्याच दिवशी बोलले असते तर तिचे पाच-सहा आठवडे वाचले असते. या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो मी न घेता घेतला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना हे चित्र आपापल्या फोनवर शोधायला लावलं आणि फोन बाकावर ओळीने मांडले. एकात साडी जांभळी, एकात निळी, एकात गुलाबीकडे झुकलेली. एका फोनमध्ये चित्र आरशातल्यासारखं उलटं. काहींत चेहरा एवढा उजळवलेला की अंधाराला अर्थच उरला नव्हता. फॉरवर्ड होत होत फोटो दर खेपेला दाबला जातो आणि पहिला बळी जातो गडद रंगांचा. पार्श्वभूमीत नुसते चौकोनी ठिपके उरले होते. आकार किती, माध्यम कोणतं, चित्र कुठे आहे, यातलं काहीही त्या फोटोंसोबत आलं नव्हतं.

मग मी गीताताईंबद्दल सांगितलं. गीता उपळेकर २०१८ साली वयाच्या १०२ व्या वर्षी वारल्या, आणि त्या राहत होत्या कोल्हापुरात. सायली किती तरी वेळ काही बोलली नाही. ज्या बाईचा चेहरा ती दोन महिने फोनवर दोन बोटांनी मोठा करून बघत होती, ती बाई अलीकडेपर्यंत आमच्यापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा होता : मागचं नाव दुरुस्त करायचं आणि चित्र आहे तसं पाठवायचं. तैलरंगात नक्कल करायला कुणाची बंदी नाही. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे, त्यांचं मत हेच पडलं. "एवढे रंग लागलेत मॅडम, आता माघार कशाला?" त्यांचं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. रंगांच्या ट्यूबा महाग असतात.

दुसरा पर्याय होता चांगली प्रतिमा मिळवून त्यावरून काम सुधारायचं. यावर मी आठवडाभर खर्च केला. इंटरनेटवरच्या सगळ्याच प्रतिमा वाईट नसतात. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियम या संग्रहालयाने जुन्या डच चित्रकार रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्राची २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रतिमा ७१७ गिगापिक्सेलची आहे (एक गिगापिक्सेल म्हणजे शंभर कोटी ठिपके), ८,४३९ फोटो जोडून केलेली. तीत रंगाचे कण दिसतात. हळदणकरांच्या चित्राची त्या तोडीची प्रतिमा मला मिळाली नाही. 'ऑनलाइन कला' असं आपण सरसकट म्हणतो तेव्हा हे निसटतं. श्रीमंत संग्रहालयाचं चित्र पडद्यावर जसं येतं तसं आपल्याकडच्या चित्रकाराचं येत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे नक्कल सोडून देणं आणि घरात दिवा लावून समोर माणूस उभं करून काढणं. हा मला सर्वांत आवडला होता. पण सायली तेव्हा त्याला तयार नव्हती. "मग मला उत्तर कळलंच न्हाई की, मॅडम. त्यांचा दिवा पेटतोय कसा?"

चौथा पर्याय म्हैसूर. मूळ चित्र तिथल्या जगनमोहन राजवाड्याच्या कलादालनात आहे. जायचं म्हणजे दोन रात्रींचा प्रवास, पालकांची परवानगी, माणशी खर्च, आणि एका चित्रासाठी हे सगळं करायचं का, हा प्रश्न. संस्थेतून पैसे मिळणार नव्हते.

काय ठरलं

म्हैसूर ठरलं. मी, एक सहकारी आणि सहा विद्यार्थी. ज्यांना खर्च झेपला ते आले, असंच म्हणावं लागेल. निवड करायला मी बसलेच नव्हते, आणि त्याचा परिणाम ओंकारवर झाला.

ओंकारला यायचं होतं. घरी आई एकटी आणि दोन म्हशी. सकाळ-संध्याकाळच्या धारा तोच काढतो. तीन दिवस कुणावर सोपवायचं? शेजारी एक दिवस काढतात, तीन दिवस नाही. मी त्याला म्हटलं, "तू इथून बघ, आम्ही तिथून बघतो." म्हणताना ते मला बरं वाटलं होतं. आता लिहिताना वाटत नाही.

त्या तीन दिवसांसाठी वर्गाची किल्ली, प्रोजेक्टर आणि 'नाइट वॉच'ची ती प्रतिमा मी त्याच्या ताब्यात दिली.

म्हैसूरला

मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस, सकाळी बेंगळुरू, तिथून म्हैसूर. जगनमोहन राजवाडा १८६१ चा, १९१५ पासून तिथे कलादालन आहे. आत कॅमेरा चालत नव्हता, फोन बाहेरच ठेवायला लागले. सायलीने फोन देताना शेवटचा एकदा तो फोटो उघडून बघितला.

मी आधी मुलांना रवि वर्मांच्या तैलचित्रांसमोर नेलं, ती त्याच इमारतीत आहेत. हा क्रम मुद्दाम ठरवला होता आणि तो बरोबर निघाला. तैलरंगात उजेड कसा 'ठेवतात' हे तिथे दिसलं. दागिन्यावरची चमक म्हणजे वर टेकवलेला रंगाचा ठिपका. बाजूने पाहिलं की तो थोडा उचललेला दिसतो.

मग हळदणकर. चित्र मुद्दाम अंधारलेल्या जागेत ठेवलेलं. आणि सायली हिरमुसली. मला तिचा चेहरा दिसत होता. "मॅडम, बारीक आहे उजेड. फोनमधी जास्त होता."

तिचं खरं होतं. आम्ही बाहेरच्या उन्हातून, पिवळ्या दिव्यांच्या दालनांतून आलो होतो. डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात, आणि आमच्या पुढेमागे सहलीच्या रांगा "चला, चला" करत होत्या. बहुतेक जण चित्रापुढे दहा-पंधरा सेकंद थांबत, "दिवा खरा पेटवलाय का?" असं विचारत आणि पुढे जात. तेव्हाच परतलो असतो तर एवढ्या लांब येऊन फोनच बरा, असं मुलांनी मनाशी ठरवलं असतं.

हा दुसरा महत्त्वाचा निर्णय. दुपारी म्हैसूरचा मोठा राजवाडा बघायचा बेत मी रद्द केला. आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहिलो, रांगा समोरून जाऊ दिल्या. साधारण वीस मिनिटांनी चित्र पालटलं. पालटले ते आमचे डोळे, पण उभ्या असलेल्या माणसाला ते चित्रच पालटल्यासारखं वाटतं. आडोशाच्या हाताची कड आधी दिसली, मग बोटांच्या सांध्यातला लाल, मग चेहऱ्याच्या खालच्या बाजूचा ऊबदार रंग. पार्श्वभूमी काळी नव्हती. पातळ रंगाचे थर एकावर एक देत देत तो अंधार आणला होता.

सायली बराच वेळ ज्योतीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "तिथं रंगच न्हाई. कागद सोडलाय."

तिला हवं ते उत्तर हेच होतं. पारदर्शक जलरंगात सर्वांत उजळ जागा म्हणजे न रंगवलेला कागद. त्या कागदाला स्वतःचा उजेड नसतो, खोलीत जेवढा असेल तेवढाच तो परत देतो. भोवतालचा अंधार एकेक पायरीने उतरवला की तोच कागद पेटतो. सायली दोन महिने उजेड रंगवत होती, आणि काम होतं अंधार रंगवण्याचं. जलरंगात ते फार अवघड असतं. गडद वॉश, म्हणजे पाणी घालून दिलेला रंगाचा पातळ थर, वाळला की फिका पडतो, पुन्हा दिला की मातकट होण्याची भीती, आणि चूक पुसता येत नाही.

आता ती तिसरी चूक. फोनचा पडदा स्वतः उजेड टाकतो. त्यावर दिव्याचं चित्र असो की कोळशाचं, मागून प्रकाश येतच असतो. फोनमधला दिवा पेटलेला दिसत होता तो बराचसा फोनच्या उजेडाने. सायली हळदणकरांची नक्कल करते आहे असं मी समजत होते. प्रत्यक्षात ती एका पेटलेल्या काचेची नक्कल रंगाने करायला बघत होती, आणि ती कुणालाही जमली नसती.

पण तिथे सगळं मिळालं, असंही नाही. काचेवर आमची प्रतिबिंबं पडत होती, फार जवळ जाता येत नव्हतं. दिव्याच्या दांड्याचे आणि साडीच्या काठाचे बारकावे मुलांना दिसले, कारण ते त्यांना फोनवरून आधीच पाठ होते. कुठे बघायचं हे फोनने शिकवलं होतं, हे मला मान्य करावं लागतं.

इकडे वर्गात

परत आलो तर ओंकारने वर्गाच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून 'नाइट वॉच' तीन दिवस धुंडाळलं होतं. पिवळ्या पोशाखातल्या अधिकाऱ्याच्या जरीकामावर तो अडकला होता. "मॅडम, लांबनं जर दिसती. जवळ गेलं की नुसता रंगाचा चिखल. कुठं जर संपती नि कुठं चिखल सुरू होतो ते शोधत होतो." ॲम्स्टरडॅमला जाऊनही हे इतक्या जवळून कुणाला बघू देत नाहीत. त्याने जे पाहिलं ते अस्सल पाहणं होतं, त्याला मी कमी लेखणार नाही.

मी विचारलं, "चित्र केवढं असेल?" त्याने दोन्ही हात पसरून भिंतीवरच्या चौकटीएवढं दाखवलं. मूळ चित्र सुमारे साडेबारा फूट उंच आणि पंधरा फूट रुंद आहे. तेव्हा आम्ही पटांगणात चुन्याने तो आयत आखला आणि चोवीसच्या चोवीस मुलं त्यात उभी राहिली, तरी जागा उरली. ओंकार म्हणाला, "म्हणजे ती माणसं आपल्याएवढी हाईत." तीन दिवस ७१७ गिगापिक्सेलमध्ये राहून त्याला न कळलेली गोष्ट दहा रुपयांच्या चुन्याने कळली.

निष्पन्न

सायलीने तैलचित्र बाजूला ठेवलं. परतल्यावर तिने आजीला संध्याकाळी देवघरापाशी निरंजन घेऊन बसवलं आणि जलरंगात काम सुरू केलं. पहिले चार कागद वाया गेले. पाचव्यात ज्योतीची जागा कोरी राहिली, पण भोवतालचा अंधार मातकट झाला. सहावा तिने प्रदर्शनाला शेवटच्या दिवशी दिला. बक्षीस नाही मिळालं. आजीचा उजवा हात नीट जमलेला नाही, हे तिलाही दिसतं. ज्योत मात्र पेटलेली आहे.

तैलचित्र वडिलांनी गिरणीत लावलं. मागचं नाव तिने खोडून लिहिलंय : 'सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या जलरंगचित्रावरून'. गिरणीत येणाऱ्या बायका अजूनही ते रवि वर्मांचं म्हणतात, आणि दळण होईस्तोवर तिचे वडील त्यांना सगळी हकीकत सांगतात.

पुन्हा करायचं झालं तर

आता आमच्या वर्गात कुणीही नक्कल सुरू करण्याआधी एक पुठ्ठ्याचं कार्ड भरतो : चित्रकार, साल, माध्यम, आकार, चित्र सध्या कुठे आहे. आकाराची दोरी कापून भिंतीवर लावायची. रकाना रिकामा राहिला तर ब्रश उचलायचा नाही. हे पहिल्या आठवड्यात केलं असतं तर सायलीने तैलरंग विकतच घेतले नसते.

म्हैसूरला जायच्या आधी मुलांना एकदा अंधाऱ्या खोलीत बसवून, डोळे सरावू देऊन, दिव्याखालचा कोरा कागद बघायला लावायला हवा होता. म्हणजे तिथली पहिली वीस मिनिटं निराशेत गेली नसती. आणि सुट्टीच्या दिवशी जायला नको होतं.

सर्वांत बोचतं ते वेगळंच. लांबच्या चित्राच्या नादात मी जवळचं विसरले. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, सकाळी जाऊन दुपारी परत येण्यासारखी. आश्रयदाते शाहू महाराज गेल्यावर आबालालांनी आपली कित्येक चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली असं सांगतात, म्हणजे जी उरली ती किती मोलाची! दोन धारांच्या मधल्या वेळात ओंकार तिथे जाऊ शकला असता. मी तेव्हा ते सुचवलंच नाही.

जूनमध्ये सुचवलं. तो सकाळची धार काढून सातच्या एसटीने गेला आणि संध्याकाळच्या धारेला घरी होता. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय पाहिलंस. म्हणाला, "एकच चित्र बघितलं, मॅडम. काचेत माझंच तोंड दिसायलं, म्हणून सरकत सरकत गेलो. एका जाग्यावरनं तोंड गेलं नि चित्र आलं. तिथंच उभा राहिलो गाडी होईस्तोवर."